राळेचे हात

पदम छेरिंगच्या मनात एकदा पाल चुकचुकली की ती काही केल्या गप्प बसायची नाही. त्यात पाइनच्या झाडांवर चिलगोज्याची, त्या महागड्या सुक्या मेव्याची, बोंडं भरत आली की बघायलाच नको. सतलजच्या वरच्या त्या उतारावर पाऊस फिरकत नाही, खडकात माती मूठभर. तिथेच ही झाडं पिढ्यान्पिढ्या तग धरतात आणि गावाला जगवतात. गावची देवता तोडणीचा दिवस सांगेपर्यंत बोंडाला हात लावायचा नाही. लावला, तर त्या घराचा वर्षाचा वाटा गेला. पदम जंगलाचा राखणदार, पण त्याला कुणी नेमलेलं नव्हतं.

यंदा कड्याजवळच्या झाडाखाली मोडलेल्या फांद्या सापडल्या. वाऱ्याने मोडल्या का, हे पदमने विचारलंच नाही. त्याचा संशय थेट जंगमोवर. विधवा बाई, तीन लेकरं, हिवाळा सगळा त्या वाट्यावर. गरज तिला म्हणजे चोरीही तिचीच! देवळाच्या अंगणात, गावासमोर, त्याने तिचे हात हुंगले.

"जर्दाळूचं तेल! बोंडं तोडताना चिकटलेली राळ काढायला दुसरं काय चोळतात?"

"आईचे गुडघे चोळते, आते," थोरल्या भावाला म्हणावं तसं जंगमो म्हणाली. "तुमचेही चोळून देऊ? रोज चढून दुखत असतील."

लोक हसले.

"तेल घरोघरी असतं," म्हातारे पंच म्हणाले. "राळ दिसली तरच वाटा बंद."

"मग बघा की!" पदम कडाडला. "एकूणएक हात बघा!"

"आधी तुमचे, आते," जंगमो म्हणाली.

त्याने बेधडक हात पुढे केले. तळव्याच्या रेषा राळेने काळ्या झालेल्या. चोरी कळावी म्हणून रोज झाडावर चढून बोंडं मोजायचा बिचारा! पण ते सांगताना त्याची जीभ अडखळली.

"घ्या, हात दाखवून अवलक्षण," मागून कुणीतरी म्हणालं. जंगमोचा वाटा राहिला, पदमचा गेला.

घरी सुरतमणीने ओगल्याची, म्हणजे कुट्टूच्या पिठाची, भाकरी पुढे ठेवली. चाळीस वर्षांचा संसार. ही तरी आपल्याला ओळखते, या विचाराने त्याला जरा बरं वाटलं. तिने दार लोटून घेतलं आणि जवळ येऊन बसली.

"आता कुणी ऐकत नाही," ती हळूच म्हणाली. "बोंडं लपवलीत कुठे?"