मामांच्या नावाची मंगलाष्टकं

लिहिणाऱ्या माणसांना आपल्याकडे नावांचा तोटा नाही. कविता करतो तो कवी, पोवाडा रचतो तो शाहीर, कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो तो अर्जनवीस, दुसरा सांगेल ते उतरवून घेतो तो लेखनिक. पण स्वतः सगळं रचून खाली दुसऱ्याचं नाव घालू देतो, त्याला काय म्हणायचं? मी त्याला खुळा म्हणते. तो माझा थोरला भाऊ आहे, तेव्हा म्हणायचा हक्क मला आहे.

आमचा वेणीमाधवदादा सोलापुरात बाळीवेशीजवळ राहायचा, मराठी शाळेत मास्तर होता. लग्नसराई आली की त्याच्या ओसरीवर नवरानवरीच्या मामांची रीघ लागे. मंगलाष्टकं छापून मांडवात वाटायची टूम तेव्हा नवी होती, आणि खाली 'रचयिता' म्हणून मामांचं नाव हवं. मामांना शार्दूलविक्रीडित हे वृत्त आहे की औषध, हेही ठाऊक नसे. मग दादा लिहून द्यायचा. कुलदैवत, आजोबा, नवरीची आत्या, सगळ्यांना वृत्तात बसवायचा. बदल्यात एक नारळ. आमच्या वहिनीने वर्षानुवर्षं नारळ विकत आणला नाही.

"दादा, एकदा तरी तुझं नाव घाल," मी म्हणे.

"लग्नात मान मामाचा असतो, यशोदे. मी कशाला मध्ये?"

असं म्हणून हसायचा. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

त्याच्या प्रभेचं लग्न ठरलं तेव्हा मात्र पोरगी हटून बसली. "माझ्या अष्टकाखाली बाबांचंच नाव हवं, नाहीतर मला अष्टकच नको." दादा कबूल झाला. शाळेतून आला की लिहीत आणि खोडत बसे. इतकं जपून त्याने कुणासाठीच लिहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

आणि मग उगवले गंगाधरपंत. नवऱ्या मुलाचे मामा, मंगळवेढ्याच्या कोर्टातले मुखत्यार, त्या भागातले नावाजलेले कवी. त्यांची सगळी कविता आमच्याच ओसरीवर जन्मलेली! पानाचा डबा पुढे ओढून म्हणतात, "मास्तर, वरपक्षाचं अष्टक माझ्या नावावर आहे. तेवढं नेहमीसारखं होऊन जाऊ द्या."

म्हणजे नवरीच्या बापानेच! मी आत पातेलं आपटलं. पंत गेल्यावर दादाला म्हटलं, "सरळ नाही म्हणून कळव."

"मुलगी त्यांच्यात नांदायची आहे," तो म्हणाला. त्याने तेही लिहिलं. बरं, खुळ्याने वाईट तरी लिहावं! तेही तितकंच गोड उतरलं.

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या हुसेनसाबांनी म्हणे दोन्ही कागद बघून कपाळाला हात लावला. "मास्तर, ह्ये बी तुमचं, त्ये बी तुमचंच की! मग ह्ये पंत करत्यात काय?" दादाने घरी येऊन हे हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

लग्नात आधी पंतांच्या नावाचं अष्टक झालं. लोक माना डोलावू लागले. मग दादाचं मी म्हटलं. पंगत बसेपर्यंत कुजबुज सुरू झाली होती. "मुलीच्या बापानं पंतांची सहीसही नक्कल केली हो! तीच धाटणी, तीच यमकं." हे पंतांच्या कानावर गेलं. खरं काय ते त्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं. ते मोठ्या मनाने म्हणाले, "असू द्या हो. हौस असते एकेकाला."

मी तोंड उघडणार, तोच दादाने डोळ्यांनी दटावलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. जन्मात एकदा स्वतःचं नाव घातलं आणि चोर ठरला. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

नवरानवरीने एकमेकांना घास द्यायची वेळ आली. "नाव घे, नाव घे," बायकांनी गिल्ला केला. प्रभेने जिलबीचा तुकडा उचलला, मान वर केली आणि खणखणीत म्हणाली,

"अष्टकं झाली दोन, लिहिणारा एक,
नारायणरावांचं नाव घेते वेणीमाधवांची लेक."

पंतांचा हात ताटातच राहिला. नारायणने एकदा मामांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि मुकाट्याने घास खाल्ला. तेवढ्यात वरपक्षातली एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई! मग हा उखाणाही वडिलांनीच लिहून दिला असणार!"

दादा तुपाचं भांडं घेऊन पंगतीत वाढत होता. तो जागच्या जागी थांबला.

"नाही!" तो ओरडला. त्याला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "तो मी नाही लिहिला. तिनं रचलाय. तिचं नाव सांगा सगळ्यांना."