जांभळीखालचं बिऱ्हाड

पासलीचा चिमाजी धरणाकाठची कॅम्पची जागा राखायचा. पुण्याची माणसं तिथं घरासारख्या गाड्या घेऊन राहायला येत. आत पलंग, शेगडी, अगदी संडाससुद्धा. चिमाजी त्यांना सावलीतली जागा देई, पाण्याचा पाईप जोडून देई.

आज त्यानं जांभळीखाली श्रावणी नावाच्या बाईची गाडी लावून घेतली. तान्ह्या लेकराला मांडीवर घेऊन ती हसत म्हणाली, "काका, आमचं बिऱ्हाड हे असं. पाणी दिसलं की मुक्काम."

चिमाजी हातात पाईप धरून तसाच उभा राहिला. दिवाळीनंतर याच जांभळीखाली एक मेंढकीण आली होती. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर बांधलेलं तान्हं पोर. "दादा, एक रात टेकू द्या," एवढंच ती म्हणाली, आणि हा तिच्यावर खेकसला होता, "हितं बिऱ्हाड टाकायचं न्हाई." मालकानं तसं कधी सांगितलंही नव्हतं.

"काका, पाणी नाही आलं अजून," श्रावणीनं हाक दिली.

"सोडतो, ताई," तो मान खाली घालून म्हणाला.

समोर धरण तुडुंब भरलेलं होतं. त्या दिवशीही असंच भरलेलं होतं, आणि त्यानं त्या घोड्याला पाण्याला तोंडसुद्धा लावू दिलं नव्हतं.