मुकादमा, बाहेर सांग

आमच्या कुत्र्याला एका जागी निवांत बसलेलं मी फार थोडं पाहिलं. ओसरीवर जरा टेकला की आतून त्याच्या नावाने हाक यायची, चुलीपाशी गेला की बाहेरून. बिचारा दिवसभर उंबरा ओलांडत असायचा. माझ्या वडिलांनी, दादांनी, त्याचं नाव ठेवलं होतं मुकादम. का, तर स्वतः काडीचं काम न करता सगळ्यांच्या कामावर हिंडतो म्हणून. साफ खोटं! आमच्या घरात त्याच्याइतकं काम कुणालाच नव्हतं.

अंथुर्ण्याजवळ आमचा मळा. कालव्याचं पाणी, थोडा ऊस, बाकी वांगी-टोमॅटो बारामतीच्या बाजाराला. देशाला स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली होती, पण सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही ही रीत आमच्याकडे तशीच होती. आजी होती तोवर आईचं बोलणं ती आबांपर्यंत, म्हणजे माझ्या आजोबांपर्यंत, पोचवायची. आजी गेली, आणि मीठ संपलं हे सांगायलाही आईला माणूस उरेना. दादा? दादा आपल्या बापासमोर शिंकायलाही घाबरत.

तेव्हा एका मेंढक्याने दिलेलं हे तांबूस पिल्लू दारात लुडबुडत होतं, एक कान उभा, एक पडलेला. आई त्याच्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "अरे मुकादमा, मीठ संपलंय म्हणून बाहेर सांग." बाहेर आबा नुसते खाकरले. संध्याकाळी मीठ आलं. झालं! तेव्हापासून त्या दोघांचा सगळा कारभार कुत्र्यामार्फत चालू झाला.

आबाही काही कमी नव्हते. जेवता जेवता म्हणायचे, "मुकादम, आत सांग, कालवण खारट झालंय." लगेच आतून यायचं, "मुकादमा, खारट हाय तर दुसऱ्यांदा मागून कुणी घेतलं, इचार की जरा." आपलं नाव ऐकून मुकादम शेपूट हलवत आत जायचा, तिथून पुन्हा बाहेर. आवाज चढले की त्याची फारच तारांबळ उडायची. आपलंच काही चुकलं असं त्याला वाटत असावं. कान पाडून उंबऱ्यावरच गोल गोल फिरायचा.

एकदा आबांचे इंदापूरचे दोस्त तात्या आले आणि बोलता बोलता ओसरीच्या भिंतीवर तंबाखूची पिंक टाकून मोकळे झाले. आतून आई म्हणाली, "मुकादमा, भिंत कालच सारवलीय रे बाबा. थुंकायचं असंल तर उकिरडा लांब न्हाय." तात्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि निमूट उठून धोतराच्या सोग्यानं भिंत पुसायला लागले. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण आईशी? छे, एक अक्षर नाही.

मी सातवी पास झाले आणि घरातली ही गंमत संपली. आईचं म्हणणं, मी बारामतीला मामाकडे राहून आठवीला जावं. आबांनी नरसिंहपूरकडचं स्थळ आणलेलं. "मुकादम, आत सांग, घर तालेवार हाय. ईस एकर ऊस हाय, हिरीवर इंजिन हाय." "मुकादमा, लगीन पोरीचं इंजिनाशी लावायचं हाय व्हय? अजून परकरात हाय ती." दिवस दिवस हेच. माझं काय होणार ते कळत नव्हतं आणि मला कुणी विचारतही नव्हतं. मी नुसती घरातून पाटापर्यंत आणि पाटापासून घरापर्यंत फेऱ्या घालायची. माझ्यामागे मुकादम, आणि त्याला तेवढ्यात हाक आली की उलटा पळत घराकडे.

त्यातच तो आजारी पडला. म्हातारा झाला होता, अन्नाला तोंड लावेना. तरी या दोघांची तोंडं काही थांबली नाहीत. नाव ऐकलं की तो थरथरत उठायचा, उंबऱ्यावर पाय टाकायचा, निम्म्यातच बसायचा. मला दोघांचाही असा संताप आला! अरे, आजारी जीव आहे, थोडी तरी दया करा. पण बोलायचं कुणाला?

एका सकाळी आईने "मुकादमा" म्हटलं आणि त्याने उंबऱ्यावरूनच नुसतं डोकं उचललं. पाय उठेनात. आई बोलायची थांबली. हातातली पळी टाकून आली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पलीकडून आबा आले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दोघांच्या मध्ये तो. तसाच तो गेला. आबांनी कुणाला हात लावू दिला नाही, पाटाच्या कडेला लिंबाखाली स्वतः खड्डा खणला. आईने त्याला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून दिलं. मी रडले नाही. मी रागातच होते.

मग घर मुकं झालं. भाकरी थापल्याचा आवाज तेवढा यायचा.

मला बघायला पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आबा ओसरीवर बसले होते. सवयीने म्हणाले, "मुकादम, आत सांग—" आणि थांबले. त्याला थोपटायला खाली गेलेला हात तसाच लोंबत राहिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सुमे, आत सांग, पाव्हणं उद्या येत्यात. पुरणाचं बघा म्हणावं."

मी खरंच आत जायला वळले. तर आईच उंबऱ्यावर उभी. "तू हलू नगंस," ती मला म्हणाली. तिने पदर पुढे ओढला, मान खाली घातली. पण आवाज मात्र सरळ आबांकडे. "आबा, पोरीला मधी घालू नगा. आपल्या दोघांच्यात एक जीव झिजला, तेवढं बास झालं. काय असंल ते मला सांगा."

गोठ्याकडे निघालेले दादा जागच्या जागी थिजले. मला वाटलं, आता आबा घर डोक्यावर घेणार. त्यांचं तोंड लालबुंद झालं होतं. मग म्हणाले, "शिकून काय करणार हाय ती?" हे माझ्याकडे बघून नव्हतं, भिंतीकडे बघूनही नव्हतं. आईला विचारलं होतं.

"मला ठावं न्हाय," आई म्हणाली. "पर तिला काय हवं ते तिच्या तोंडानं सांगता यील."

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "उभी का? बस. बसून बोल."

आई आयुष्यात पहिल्यांदा ओसरीवर बसली. अंग चोरून, खांबाला धरून, पण बसली. दिवेलागण होईपर्यंत दोघं बोलत होती. मामाचं घर शाळेपासून किती लांब, पोरीला आणायला बैलगाडी कधी पाठवायची, आणि पाहुण्यांना 'येऊ नका' म्हणून कोणत्या तोंडानं कळवायचं. आबा मध्येच चिडत, आई मान खाली घालूनच उत्तर देत होती. त्या एवढ्या बोलण्यात मुकादमाचं नाव कुणीच घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. तो गेला, हे मला तेव्हा खरं वाटलं. मी गोठ्यात पळाले आणि ऊर फुटेस्तोवर रडले.