चहानंतरचं माप

शशांक मोरे मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी देवासला राहत्या घरी वारला. वय अडुसष्ट. हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात नेण्याइतकाही वेळ मिळाला नाही. मला इंदूरला त्याच्या पत्नीचा, वैशालीवहिनींचा फोन आला तेव्हा त्या दोनच गोष्टी बोलल्या. पहिली, शशांक गेल्याची. दुसरी अशी : "धारच्या नानांना मोटारीचं तुम्हीच सांगा... माझ्याच्यानं होणार नाही."

नाना जगदाळे धारला राहतात. ऐंशी ओलांडलेल्या नानांचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या महिन्यात होतं आणि त्या दिवशी देवदर्शनाला आपल्या जुन्या मोटारीतून जायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी मागितली होती. डोळे अधू झाल्यावर त्यांनी ती मोटार देवासला आपल्या लेकीकडे, सुनंदाताईंकडे दिली होती. गावातल्या गावात ती चालते. लांबच्या रस्त्यावर इंजिन तापतं, म्हणून धारपर्यंत ती आपल्या ट्रेलरमधून आणून द्यायचा शब्द शशांकने दिला होता.

शशांक आणि मी देवासला एका वर्गात होतो. तो पुढे तिथल्याच एका कारखान्यात माल पाठवणीच्या विभागात लागला. निवृत्त झाल्यावर त्याने जुन्या गाड्या नेण्याआणण्यासाठी चारी बाजूंनी पत्र्याचा बंद ट्रेलर बांधून घेतला आणि तो आपल्या जीपला जोडला. माळव्यातल्या जुन्या घरांतून अशा गाड्या अजून आहेत. धड चालत नाहीत आणि कुणाच्याने विकवतही नाहीत. ट्रेलरचं मागचं दार खाली पाडलं की त्याचाच उतार होई. हाताने फिरवायच्या चरखीवर तार गुंडाळत तो गाडी आत ओढून घ्यायचा आणि मग खरं काम सुरू व्हायचं. गाडी वीतभर पुढे, चार बोटं मागे, परत पुढे. भार ट्रेलरच्या चाकांच्या थोडा पुढे यायला हवा. मागे राहिला तर ट्रेलर वेगात हेलकावतो. फार पुढे गेला तर जीपची मागची बाजू दबते, नाक उचलतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. त्याचं माप त्याच्या हातात होतं. जीपच्या मागच्या चाकावर, टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत तो बोटं आडवी घालायचा. चार बसली की बरोबर. पाच बसली तर भार मागे, तीन बसली तर पुढे. मग चारही चाकांना पट्टे आवळायचे. वैशालीवहिनी या सगळ्या वेळी बाजूला उभ्या असत. जीप त्याही चालवत, पण गाडी चढवण्याचं काम त्याने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

नानांची मोटार धारहून देवासला आणली तेव्हा मी बरोबर होतो. चार बोटं बसली, पट्टे आवळले, आणि नानांच्या सूनबाईंनी चहाला हाक मारली. चहा झाला, पोहे झाले. निघालो. शशांक चालवत होता, नाना त्याच्या शेजारी, मी मागे. घाटाबिल्लोदच्या पुढे एका उतारावर ट्रेलर हलायला लागला. आधी किंचित, मग जीपही त्याच्याबरोबर डावी-उजवीकडे जाऊ लागली. समोरून ट्रक येत होता. नाना आपल्या पत्नीला मोटार शिकवतानाची गोष्ट सांगत होते.

"नाना, जरा थांबा बोलायचं," शशांक म्हणाला. त्याने ब्रेकला पाय लावला नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. ट्रक निघून गेला. हेलकावे कमी होत गेले आणि जीप कडेला थांबली. त्याने खाली उतरून फटीत बोटं घातली. पाच. मग मागचं दार पाडून मोटारीची डिकी उघडली. आत गव्हाचे दोन कट्टे आणि एक पितळी घंघाळ होतं.

"आम्ही चहा पिऊन राहिलो होतो तेव्हा विजयने ठेवलं," नाना म्हणाले. विजय म्हणजे त्यांचा मुलगा. "लेकीच्या घरी मोटार रिकामी पाठवू?"

"सांगायचं तरी, नाना."

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"नाही कशाला म्हणेन? जागा दाखवली असती."

विजयला फोन लावला, तर तो म्हणाला, "अरे भिया, दोनच तो कट्टे होते. इतक्या मोठ्या ट्रेलरला काय फरक पडून राहिला?" शशांकने फोन ठेवला. कट्टे ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी नेऊन बांधले, मोटार थोडी मागे घेतली, पुन्हा मोजलं. घंघाळ माझ्या मांडीवर देवासपर्यंत आलं. वाटेत तो एकदाच या विषयावर बोलला. "चूक माझी. चहाआधी मोजलं. चहानंतर मोजायला हवं होतं..."

त्यानंतर त्याने ट्रेलरच्या पुढच्या भागात एक लाकडी खण करून घेतला. सरदारपूर असो की कन्नौद, कुठल्याही घरी तो आधी म्हणायचा, "काय द्यायचंय ते आत्ताच आणा." चहा घ्यायचा, आणि निघण्यापूर्वी पुन्हा फटीत हात घालायचा.

तेरावा झाल्यावर मी धारला जाऊन नानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मोटारीचं राहू द्या. मी रिक्षाने जाईन." हे वहिनींना कळवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कार्यक्रम कोणत्या दिवशी आहे?"

आदल्या दिवशी सकाळी मी देवासला पोचलो तेव्हा चरखी वहिनी फिरवत होत्या. गाडी दोनदा पुढे-मागे झाली. सुनंदाताईंनी लाडवांचा डबा आणि वडिलांसाठी घेतलेली सतरंजी आधीच बाहेर आणून ठेवली होती. दोन्ही पुढच्या खणात गेली. पट्टे आवळले. चहा झाला. मग वहिनी जीपच्या मागच्या चाकाशी वाकल्या. एका हाताची चार बोटं फटीत बसली, वर दुसऱ्या हाताचं एक बसलं.

"वहिनी, पाच झाली," सुनंदाताई म्हणाल्या. "पाच म्हणजे भार मागे ना?"

"त्यांची पाच म्हणजे भार मागे. त्यांची चार म्हणजे माझी पाच."

"नक्की?"

"त्यांच्या हातावर हात ठेवून मोजलंय. माझी बोटं बारीक म्हणून हसायचे..." वहिनींनी हात पुसले आणि किल्ली घेतली.

जीप वहिनींनी चालवली, सुनंदाताई शेजारी बसल्या. मी माझ्या गाडीने मागे होतो. घाटाबिल्लोदजवळची ती जागा आली तेव्हा ट्रेलर सरळ चालला होता. दुपारी आम्ही धारला पोचलो. मोटार खाली उतरली, तेव्हा नाना काठी टेकत आले आणि त्यांनी विजयला आधी डिकी उघडायला लावली.

डिकी रिकामी होती.