ओळखीतलं ग्राफिक कार्ड

पेट्रोलने धुतलेल्या जुन्या पार्टला एक वास असतो. लोक वरून काय काय फवारतात, पण तो जात नाही. पिंपळगाव राजा गावात माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं, आणि जुनं इंजिन धुऊन, रंग मारून नवं म्हणून गळ्यात मारणारे मी आयुष्यभर पाहिले. अशांना मी दारातूनच हाकलायचो. मला कोणी बनवू शकत नाही, असं चारचौघांत सांगायचो. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

माझी धाकटी मुलगी घरांची थ्रीडी चित्रं करते. कागदावरचा नकाशा दिला की ते घर आतून-बाहेरून कसं दिसेल ते कॉम्प्युटरवर उभं करून दाखवते. अकोल्याच्या एका आर्किटेक्टने तिला चाचणीचं काम दिलं होतं. बंगल्यात फिरून आल्यासारखा व्हिडिओ पंधरा दिवसांत करून द्यायचा, आवडला तर घरी बसून कायमचं काम. तेवढ्यासाठी तिने आलेलं एक स्थळही थांबवून धरलं होतं.

आमचा कॉम्प्युटर कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेला. अर्ज टाइप करायला ठीक, पण बंगला उघडला की धापा टाकायचा. नवा घेण्याची ऐपत नव्हती. चित्रांचा भार उचलणारं वेगळं ग्राफिक कार्ड बसवलं तर भागेल, हे पोरीनेच शोधलं. मी तिला बघत होतो. तिने कॉम्प्युटरचा डबा उघडला, आतल्या पॉवर सप्लायवरची चिठ्ठी वाचली, व्हिडिओ बघून वहीत टिपणं काढली. मोठ्या कार्डाला सप्लायमधून वेगळी वायर लागते, ती आपल्याकडे नाही आणि आपल्या सप्लायची तेवढी ताकदही नाही, म्हणून कार्ड बसतं त्या खाचेतून मिळेल तेवढ्याच करंटवर चालणारं छोटं कार्ड पाहिजे, असं तिने मला समजावलं. अकोल्यात तसं एक नवं कार्ड, बिल आणि वॉरंटीसकट, तिने फोन करून बाजूला ठेवायला सांगितलं होतं. कागदावर सगळं लिहून कागद माझ्या हातात दिला.

मी तो खिशात घातला आणि अकोल्याला न जाता मध्येच खामगावला उतरलो.

कारण खामगावात माझ्या मोठ्या मुलीच्या दिराचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आमच्याकडे साधा कुकर घ्यायचा तरी आधी ओळख कोणाची ते विचारतात. त्यात मुलीच्या सासरचं दुकान सोडून दुसरीकडे खरेदी केली तर संध्याकाळपर्यंत बातमी पोचते आणि टोमणे तिला ऐकावे लागतात. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं सांगायचं तर मला तिथे जायला आवडायचं. "या मामाजी, बसा मामाजी" म्हणून तो गिऱ्हाइकांसमोर खुर्ची पुढे सरकवायचा आणि माझी छाती दोन बोटं फुगायची. पोरीच्या टिपणांपेक्षा मला ती खुर्ची मोठी वाटली.

दीर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. मी कागद काढला, त्याने तो वाचलाही नाही. त्याच बोटांनी त्याने आतून एक कार्ड आणलं, दोन पंख्यांचं, चांगलं जड. छोट्या कार्डात दम नसतो, हे घरचं म्हणून तुम्हाला देतो, वायरला जोड लावून देतो, असं म्हणाला. मी ते हातात घेतलं आणि मला तो वास आला. पेट्रोल आणि वरून अत्तरासारखं काहीतरी. स्क्रूची डोकी खरवडलेली होती. पंख्याच्या खाचेत चिकट काळा मळ होता आणि त्यात माशीचा पाय अडकलेला. हे यंत्र कुठेतरी दिवसरात्र राबवून, तापवून, मग धुऊन माझ्यापुढे ठेवलं होतं, हे मला लख्ख कळलं. मला त्याच्या बोटांची किळस आली, त्या कार्डाची आली, आणि त्याने मागवलेल्या चहाचा घोट घेऊन मी म्हणालो, "छान हाय."

गॅरेजमध्ये असतो तर असला पार्ट आणणाऱ्याच्या पायावर टाकला असता. पण तिथे मी मेकॅनिक नव्हतो, मुलीचा बाप होतो, आणि मुलीच्या बापाला नाक नसतं. एवढं बोलून मी सुटलो असं नाही. त्या दिवशी माझं तोंड कोणी धरलं नव्हतं.

घरी पोरीने खोका उघडला आणि कार्ड उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, "बाबा, याले वेगळी वायर लागते." जोड दिलाय, असं मी सांगितलं. वर दोन पंखे आहेत म्हणून मोठेपणाही सांगितला. तिने जोड लावून ते बसवलं. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी पडद्यावर हिरवे चौकोन उमटले, सगळा बंगला त्यात बुडाला आणि मशीन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

अजून नऊ दिवस हातात होते. हे परत देऊ आणि अकोल्याचं आणू, असं ती म्हणाली. स्वतः खामगावला जाऊन नीट बोलते, भांडणार नाही, असंही म्हणाली. मीच अडवलं. व्याह्याच्या घरात भंगार विकल्याची तक्रार घेऊन जायचं म्हणजे मोठीच्या संसारात काडी टाकायची, आपलेच दात आणि आपलेच ओठ, असली बापाच्या तोंडी शोभणारी वाक्यं मी तिला ऐकवली. मी म्हणालो ते तिला पटलं असं मी धरून चाललो, कारण ते मला सोयीचं होतं.

तिने कार्ड काढून ठेवलं आणि जुन्या मशीनवरच बंगला करायला घेतला. उघड्या डब्यासमोर टेबल फॅन लावून बसायची. पंधराव्या दिवशी व्हिडिओ अर्धा झाला होता, तोच पाठवला. आर्किटेक्टने काम स्वच्छ असल्याचं कळवलं, पण वेळेत पुरं करणारं माणूस त्याला मिळालं होतं. तिने तो निरोप मला वाचून दाखवला आणि थांबवून धरलेल्या स्थळाला होकार कळवायला सांगितलं. तरी मी खामगावला फोन केला नाही.

महिन्याभराने नातवाच्या जावळाचं आवतण द्यायला व्याही आणि तोच दीर आमच्याकडे आले. रोडगे, वरण, वांग्याची भाजी असा बेत होता. धाकटी वाढत होती. जेवताना व्याह्याने सहज विचारलं, "इवाई, ते कार्ड कसं चालून राह्यलं?"

दिराने मान वर केली नाही, तो वरणात रोडगा कुस्करत राहिला. माल कसला होता ते त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. धाकटी भाजीचं भांडं घेऊन माझ्यासमोरच उभी होती.

"एकदम झकास," मी म्हणालो. "घरचा माल, त्यात काय पाहाचं."

व्याही खूश झाला. पोराची पाठ थोपटून म्हणाला की याचं काम असंच असतं. ताक आणायच्या निमित्ताने मी उठून आत गेलो. धाकटी भाजीचं भांडं ठेवायला आधीच तिथे आली होती. तिचा आवाज अगदी बारीक होता, बाहेर जाऊ नये म्हणून.

"ताईच्या घरचे नाराज होतीन म्हणून तुमी बोलले नाही, समजलं मले. पण मी तं अजून याच घरची हावो ना, बाबा?"

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. एका शब्दाचं उत्तर होतं.

"पाहुणे बसले हायेत," मी म्हणालो. "ताक घेऊन ये."

तिने पेले भरले, ताटलीत ठेवले आणि बाहेर नेले. पहिला पेला तिने दिराच्या पुढ्यात ठेवला.