नैवेद्याची गोळी

"अक्काला इकडं आणून सोड. मशीन देऊन टाक कुणाला. लय केलं तिनं, आता बसून खाऊ दे."

कळवणहून काका फोनवर बोलत होते. बाबा स्पीकर बंद करायला विसरले होते, त्यामुळे दवाखान्याच्या बाकावर सगळ्यांनाच ऐकू आलं. आत्या, म्हणजे त्यांची अक्का, माझ्या शेजारी डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. मे महिन्यात तिनं शाल पांघरली होती.

आत्या आमच्या गंगापूर रोडच्या घरी गॅलरीत ब्लाउज शिवते. लहानपणी मी तिच्या मशीनपाशी बसून बटणं मोजायचे. अडले की ती गिऱ्हाइकांना सांगायची, "आमची इंग्लिश मीडियम! एकोणसाठ म्हटलं की बोटं मोजती." बायका हसायच्या. लोकांसमोर तोंड उघडायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं असावं.

गेल्या वर्षी तिचा चेहरा सुजला, बोलणं संथ झालं, मशीनवरच डोळा लागायला लागला. थायरॉइड निघालं. शरीरात जे हार्मोन कमी पडतंय तेच गोळीतून द्यायचं, हळूहळू तरतरी येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आली नाही. डोस दोनदा वाढवला, तरी रिपोर्ट तसाच.

गोळी ती चुकवत नव्हती. मी रोज बघायचे. देवाला दाखवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हा तिचा नेम. सकाळी पूजा झाली की वाटीत दूध-साखर, आणि वाटीशेजारी तुळशीच्या पानावर ती बारीकशी गोळी. हात जोडायचे आणि नैवेद्याच्या दुधाबरोबर गोळी गिळायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी, उपाशीपोटी. नैवेद्य म्हणजे काही खाणं नव्हे. बाबा कौतुकानं म्हणायचे, "अक्का देवालाही सांभाळते आणि डॉक्टरलाही."

दवाखान्यात यायच्या आदल्या संध्याकाळी तिला सुईत दोरा ओवता येईना. "उद्या शिवीन," म्हणत तिनं अर्धा ब्लाउज घडी करून ठेवला. असे चार साचले होते. मी गोळ्यांचं खोकं उघडलं आणि आतला बारीक अक्षरातला इंग्रजी कागद पहिल्यांदाच पूर्ण वाचला. गोळी फक्त पाण्याबरोबर घ्या, दुधामुळे ती अंगी लागत नाही, असं त्यात होतं. बाबांना दाखवायला गेले. त्यांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही.

"तू नको शिकवूस. रोज माझ्यासमोर घेते ती."

कागद मी पर्समध्ये ठेवला.

आमचा नंबर आला. डॉक्टरांनी रिपोर्ट उलटून-पालटून पाहिला. "गोळी रोज घेता ना आजी?"

"एक दिस नाय चुकवली."

बाबांनी मान डोलावली. "मग डोस वाढवावा लागेल," म्हणत डॉक्टरांनी पेन उघडलं. आत्या बाबांकडे वळून हळूच म्हणाली, "राहू दे रे आता. दे मशीन कुणाला तरी."

मी पर्समधला कागद काढला आणि डॉक्टरांच्या पेनाखाली सरकवला.

"डॉक्टर, लिहू नका. आत्या गोळी दुधाबरोबर घेते." बाबा वळून बघायला लागले, पण मी थांबले नाही. "आत्या, उद्यापासून देवाला आधी पाणी आणि गोळी दाखवू. दूध तासाभरानं. आणि मशीन कुठंही जाणार नाही."