त्या काकांना आणायला कोण गेलं?

विनोदाची धास्ती घेणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण ज्याला समोर बघून विनोदानंच मागच्या दारानं निघून जावं असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू काही कोणी निवडून घेत नाही. मुलगी बघायला जावं, मुलगी पसंत पडावी, आणि तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा न बघताच पदरात पडावा, अशी आपल्याकडची रीत. माझा त्याबद्दल कोणावर राग नाही. फक्त लग्नाआधी मी बऱ्यापैकी विनोद सांगतो अशी माझी समजूत होती. बँकेत जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाभोवती घोळका जमायचा. ती समजूत साखरपुड्याच्या पंगतीत मोडली. म्हैस घेऊन एस.टी.त चढलेल्या माणसाचा माझा हुकमी किस्सा मी रंगवून सांगितला, अख्खी पंगत हसली, वाढपी हातातली आमटी सांभाळत हसला. समोर बसलेल्या साडूंनी तेवढा चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, आणि तो न घालताच बारीक डोळ्यांनी माझ्याकडं बघत म्हणाले, "पावणं, म्हैस आत गेली कुटनं? एस.टी.चं दार केवढंसं असतंय."

पंगत गप्प झाली. बायकांच्या बाजूनं तेवढा एक हसण्याचा आवाज आला. आधी नाकातून अडलेला, मग सुटलेला, मग पदरात दाबून धरलेला. त्या अक्का होत्या, साडूंची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी. माझ्या म्हशीला त्या हसल्या नव्हत्या, नवऱ्याच्या प्रश्नाला हसल्या. चार दिवसांनी साडू मुद्दाम बँकेत आले आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "डेपोत जाऊन दार मोजलं. न्हाय बसत म्हैस. रेडकू आसंल तर सांगा लोकांना." त्या दिवसापासून तो किस्सा मी कुणाला सांगितलेला नाही.

हा खवचटपणा असता तर मी भांडलो असतो. पण खवचटपणा त्यांच्या अंगाला कधी शिवला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. साडूंची सगळी नोकरी इथल्या एका टॉवेलच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली. ट्यूबलाइटखालच्या लांब टेबलावरून टॉवेल सरकत यायचा आणि ते चष्मा काढून त्याच्यावर वाकायचे, कारण जवळचं त्यांना चष्म्याशिवायच नीट दिसायचं. कुठं एखादा धागा ओढलेला, कुठं कड सुटलेली. खोट दिसली की कोपऱ्यात तांबडा दोरा बांधायचा आणि माल बाजूला काढायचा. बत्तीस वर्षं हे केल्यावर माणूस घरी येऊन वेगळा कसा वागणार? विनोद म्हणजे त्यांच्या टेबलावर आलेला टॉवेल. सगळे त्यानं तोंड पुसून मोकळे होतात, हे कड तपासत बसतात.

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी नवरा-बायकोच्या भांडणाचा विनोद टाकला की खाली साडूंचा निरोप यायचा, 'आता दोघं कसे आहेत?' नातेपुत्याच्या एका पाहुण्यानं दारुड्याचा विनोद पाठवला, तर त्याला वेगळा फोन करून त्यांनी त्या दारुड्याला पोरंबाळं किती ते विचारलं. त्या भल्या माणसानं घाबरून 'दोन' असं सांगितलं आणि ग्रुप सोडला.

सिनेमाचंही तेच. थेटरात त्यांचा जीव रमत नसे, तिथं मागं घेता येत नाही म्हणून. घरी डीव्हीडीवर मात्र अडीच तासांचा विनोदी सिनेमा ते रोज दुपारी थोडा थोडा असा तीन दिवस बघत. रिमोट छातीशी धरलेला. "मघाशी कपात च्या अर्धा व्हता, आता भरला कसा?" मग मागं. खरंच अर्धा असायचा. शेजारी अक्का ज्वारी निवडत बसलेल्या असत. सिनेमाकडं त्यांचं लक्ष नसेच. त्या नवऱ्याकडं बघत आणि मधूनच हसत. मी एकदा विचारलं, "अक्का, एवढं काय हसू येतं?" तर म्हणाल्या, "तुमाला न्हाय कळायचं. तुमी किस्सं सांगणारं माणूस."

चारेक वर्षांपूर्वी आमच्या सोलापुरात एका सिनेमाचं शूटिंग आलं. सिनेमाही विनोदीच. श्रीपूरच्या साखर कारखान्यातल्या कारकुनाचा मुलगा, त्याला स्टॅंडअप कॉमेडी करायची असते. म्हणजे नाटक नाही, तमाशा नाही, एकट्यानं माइक धरून उभं राहायचं आणि घरच्यांच्या फजित्या सांगून परक्यांना हसवायचं. त्याचा पहिला कार्यक्रम सोलापुरात होतो असा प्रसंग होता, त्याला हसणारे प्रेक्षक हवे होते, आणि कुणीतरी टॉवेल कारखान्यातल्या माणसांना बोलावलं. हसायला साडूंना बोलावणं ही त्या सिनेमावाल्यांची चूक म्हणायची की त्यांचं भाग्य, हे माझं अजून ठरलेलं नाही. तिसऱ्या रांगेत साडू, शेजारी नवी हिरवी साडी नेसलेल्या अक्का, मागं मी आणि माझी बायको. एप्रिलचा महिना, आणि आवाजाचा त्रास नको म्हणून पंखे बंद. एक तरतरीत मुलगी कोपऱ्यात उभी होती, तिनं टॉवेल हलवला की सगळ्यांनी हसायचं.

स्टेजवरच्या मुलाचा विनोद असा. त्याच्यासाठी मुलगी बघायला अख्खं खानदान जीपमध्ये कोंबून जातं. कांदेपोहे होतात, मंडळी घरी येतात, मोजतात तर एक काका कमी. पोहे खाऊन ते तिथल्याच माजघरात झोपलेले असतात. दुसऱ्या दिवशी मुलीच्या बापाचा फोन येतो, 'मुलगा काही पसंत नाही, पण काका राहू द्या.'

टॉवेल हलला, आम्ही हसलो. सात वेळा तोच विनोद, सात वेळा हसलो. साडू मात्र दगडासारखे. ती मुलगी शेवटी त्यांच्याजवळ आली. "काका, तुम्ही हसत का नाही?"

"हसतो की. पर ते काका तितंच ऱ्हायलं न्हवं? आन् बाई, तुमच्या त्या टॉवेलाची कड सुटलीय."

आठव्या वेळी व्हायचं ते झालं. कॅमेरा चालू, विनोद झाला, टॉवेल हलायच्या आत साडू उठून उभे राहिले आणि स्टेजवरच्या मुलाला म्हणाले, "मग त्या काकांना आणायला कोण गेलं?" मुलगा क्षणभर गडबडला, पण हुशार, लगेच म्हणाला, "कोणीच नाही. काका अजून तिथंच आहेत." साडू म्हणाले, "निदान फोन तरी करायचा." त्यानंतर जो हशा पिकला त्याला टॉवेल लागला नाही. दिग्दर्शक धावत आला, साडूंचे हात धरले, हे असंच ठेवणार म्हणाला. साडूंना काय ठेवणार ते कळलं नाही. अक्कांना कळलं. महिनाभर त्या येईल त्याला सांगत होत्या, "ह्यांचं काम हाय शिनेमात. आन् माझंबी, हसायचं."

सिनेमा लागला तेव्हा आम्ही घरचे एकवीस जण गेलो. माळशिरसहून पाहुणे आले होते. तो प्रसंग आला, जीप आली, पोहे आले, काका राहिले, आणि 'काका राहू द्या' म्हटल्याबरोबर टाळ्या, पडद्यावर पुढची गोष्ट. साडू नाहीत, तिसरी रांग नाही. पाहुणे बिचारे शेवटपर्यंत वाट बघत बसले, शेवटच्या नावांच्या पाट्या संपून झाडूवाला आत आला तरी उठेनात. साडूंनी काही मनावर घेतलं नाही. ते बाहेर येऊन विचारत होते की नायकानं सकाळी एस.टी.त विसरलेली पिशवी दुपारी त्याच्या हातात कशी. अक्का मात्र रिक्षात एवढंच म्हणाल्या, "माझं हसणंबी कापलं व्हय?" साडूंनी त्याच संध्याकाळी त्या टॉवेलवाल्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, लांबी वाढत होती, पण सिनेमाची डीव्हीडी निघेल तेव्हा कापलेले प्रसंग तिच्यात घालणार आहोत. "काका, नक्की."

आताच्या काळात डीव्हीडी कोण काढतं? मी साडूंना तसं स्पष्ट म्हटलंही. पण त्यांनी प्लेअर खाली काढला, पुसला, त्याला टॉवेलाचं झाकण शिवलं, आणि दर रविवारी आमच्या लग्नाची डिस्क घालून तो चालवून बघायला लागले, मशीन आळसावू नये म्हणून. अक्काही हौसेनं विचारायच्या, "आली का हो?"

दिवाळीनंतर पंधरा दिवसांत अक्का गेल्या. सकाळी भाकरी थापता थापता छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दिवस झाल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधले, तेव्हा आमच्या ध्यानात आलं. अक्कांचा पुढचा एक दात जरा बाहेर होता, त्यामुळं कॅमेरा दिसला की त्या ओठ घट्ट मिटून बसायच्या. मोबाइल समोर धरला तर बोलणंसुद्धा बंद. माणसं हसवायला मी आयुष्यभर धडपडलो, आणि जे हसू माझ्या घरातलं सगळ्यात चांगलं हसू होतं ते कुठंच साठवलेलं नव्हतं. होतं ते फक्त त्या सिनेमाच्या कापून टाकलेल्या तुकड्यात.

मग साडूंनी डिस्कचा ध्यास घेतला. पूर्वी सिनेमे भाड्यानं देणारं नव्या पेठेतलं दुकान आता मोबाइलची कव्हरं विकतं. तिथं ते दर सोमवारी जात आणि विचारत, "आली का?" दुकानदाराला आधी हसू यायचं, मग कीव यायला लागली, मग तोही रोज संगणकावर शोधायला लागला. टॉवेलवाल्या मुलीला महिन्यातून एक फोन व्हायचा. तिनं ते काम सोडलं होतं, तरी तिनं फोन उचलायचं सोडलं नाही, हे मी तिच्या नावे आवर्जून लिहून ठेवतो. हे असं दोन वर्षांवर चाललं. आणि परवा, खरंच, डीव्हीडी निघाली. हौशी लोकांसाठी थोड्याच काढल्या म्हणे. एक त्या मुलीनं कुरिअरनं साडूंना पाठवली.

मला त्यांनी बोलावलं नाही. ते ठीकच होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, "पावणं, या जरा. डिस्कमधी फॉल्ट हाय. परत पाठवायची म्हंतो, दुरुस्त करून द्या म्हनावं."

तसाच गेलो. टेबलावर डबी होती आणि डबीला तांबडा दोरा बांधलेला.

"काय झालं, दाजी? प्रसंग नाही का?"

"हाय की. सगळा हाय. पर आवाज पुढं पळतोय. बगा तुमी."

त्यांनी लावलं. तेच सभागृह, तिसरी रांग, आमचे साडू. अक्का मात्र चित्रात नव्हत्या. कडेला हिरव्या साडीचा खांदा तेवढा दिसत होता. मी मनात म्हटलं, हा खांदाच का फॉल्ट? तेवढ्यात नाकातून अडलेला तो आवाज आला, मग सुटला, मग पदरात गेला. अक्का! भिंतीवर ओठ मिटलेला फोटो आणि खाली टीव्हीत त्या हसताहेत.

साडूंनी थांबवलं. "आता बगा, ती हसली. आन् मी अजून उठलोबी न्हाय. इचारायच्या आदी हसती ती. सगळी मागनं हसत्यात. आदी कशाला हसंल माणूस? आवाज सरकलाय."

मागं घेतलं, पुन्हा बघितलं. चार वेळा बघितलं. स्टेजवरच्या मुलाचे ओठ आणि शब्द अगदी बरोबर जुळत होते. बाकीच्यांचं हसणंही जिथल्या तिथं. एकट्या अक्काच आधी. पाचव्या वेळी मी अक्कांकडं कान न लावता साडूंकडं बघितलं, पडद्यावरच्या. त्यांचा हात कानाकडं गेला, चष्मा उतरला, आणि त्याच क्षणी अक्का हसल्या.

"दाजी," मी म्हटलं, "आवाज बरोबर आहे. तुम्ही चष्मा काढलात. अक्का त्याला हसल्या."

"चष्म्याला?"

"आता तुम्ही काहीतरी विचारणार, हे त्यांना कळलं."

"मंजी काय इचारणार ते तिला ठावं न्हवतं?"

"नसेल."

"तरी हसली?"

"तरी हसल्या. दर वेळी अशाच हसायच्या, दाजी. आम्ही कोणी बघितलं नाही."

एवढ्या वर्षांत त्यांना एखादं उत्तर पुरेसं वाटलेलं मी पाहिलं नव्हतं, म्हणून मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिलो. प्रश्न आला नाही. त्यांनी रिमोट उचलला, प्रसंग पुन्हा मागं नेला, चालू केला. जीप, पोहे, 'काका राहू द्या'. पडद्यावरच्या माणसाचा हात वर गेला तसा खुर्चीवरच्या माणसाचाही गेला. दोघांनी एकदमच चष्मा काढला, आणि अक्का हसल्या.

"बरुबर हाय," साडू म्हणाले. "आवाज बरुबर हाय." आणि डबी जवळ ओढून तिचा तांबडा दोरा सोडायला लागले.